खानापूर पट्ट्यात रस्त्याकडेला लाकूडवाल्या शेटचा दगड आहे, त्यावरचा ठसा आणि आकडे कशाचे? आणि रस्ता रुंद होताना दगड जाणार काय?

फाट्यावरचा_बाळ

नमस्कार मंडळी. आमच्या गावाला यायचं म्हणजे बेळगाव जिल्ह्यातला खानापूर-लोंढा रस्ता सोडून आत वळावं लागतंय. त्या आतल्या रस्त्याला फाट्यापासून अर्ध्या-पाऊण किलोमीटरवर, उतार जिथं संपतो तिथं, जांभळीच्या झाडाखाली एक काळा दगड उभा आहे. कमरेएवढा, खाली जांभ्या चिऱ्यांचा कट्टा, आणि कट्ट्याला लागून दगडाची एक डोण. डोणीत आता पाणी न्हाई, गुटख्याच्या पुड्या आणि पाला. लहानपणापासून आम्ही त्याला शेटचा दगड म्हणतोय. आज्जा सांगायचा की हा लाकडाचा मोठा शेट होता, ह्या रानातलं निम्मं सागवान ह्याच्या गाड्यांवरून लोंढ्याला रेल्वेत चढलं, आणि तो गेल्यावर पोरांनी हा दगड बसवला. नाव मात्र आज्जालाबी ठाऊक नव्हतं, नुसतं शेट.

दर दसऱ्याला कोणतरी येऊन चुना मारून जातंय त्यामुळं अक्षरं पार भरून गेल्यात. ट्रकवाले नारळ फोडतात, एका वर्षी तर कोणीतरी शेंदूर लावला, म्हणजे अजून दहा वर्षांनी शेटचा देव होणार हे नक्की. पुढच्या बाजूला जेवढं वाचता येतंय ते असं, "लाकडाचे व्यापारी व कंत्राटदार" मग नाव बुजलेलं, मग "शेट यां" आणि पुढं परत चुना. खाली "वाटसरू व जनावरांस पाणी". पण माझा खरा प्रश्न बाजूच्या अंगाचा आहे. तिथं एक गोल कोरलाय, मोठ्या वाटीएवढा, त्यात दोन इंग्रजी अक्षरं आहेत, आणि गोलाच्या खाली एकाखाली एक आकडे आहेत, १०८, त्याखाली २४, त्याखाली १२१ आणि १२१ च्या पुढं दोन उभ्या रेघा, श्लोक संपल्यावर मारतात तशा. मंत्रबिंत्र आहे काय म्हणावं तर १०८ बघून तसंच वाटतंय, जपमाळेसारखं. पण लाकूडवाल्याच्या दगडावर जप कशाला?

दुसरं म्हणजे हा रस्ता आता रुंद करूलालेत. मोजणीवाले येऊन गेले आणि दगडावरच लाल पेंटनं नंबर टाकून गेले. जांभळीलाबी नंबर पडलाय. कुठं जाऊन काय विचारायचं, कोणाला माहीत असेल तर सांगा. गावात विचारलं तर म्हणतात पुरातत्त्व खात्याला कळव, पण हा दगड काय हळशीच्या देवळाएवढा जुना न्हाई.

वखारीतला_पोर

बाळभाऊ, तो मंत्र नाही, तो माल आहे माल! आमच्या घरची वखार होती, आता फक्त जागा राहिली आणि बाबांची खोकल्याची सवय राहिली (भुसा). फोटो असता तर बरं झालं असतं, पण तुम्ही लिहिलंय त्यावरूनच सांगतो.

गोलातली अक्षरं म्हणजे हातोड्याचा ठसा. आमच्याकडे त्याला हॅमर किंवा प्रॉपर्टी मार्क म्हणायचे. लोखंडी हातोडी असते, तिच्या तोंडावर उलटी अक्षरं, ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर जोरात मारली की अक्षरं लाकडात रुततात. फॉरेस्टवाल्यांचा एक ठसा आणि व्यापाऱ्याचा एक. व्यापाऱ्याचा ठसा फॉरेस्टकडे नोंदवलेला लागायचा, मनाला येईल तो चालायचा नाही. नाक्यावर गाडी थांबली की पासावरचे आकडे, ओंडक्यावरचे आकडे आणि ठसा तिन्ही जुळले तरच दांडी वर. ब्रिटिशांच्या १९२७ च्या जंगल कायद्यात ४१ व्या कलमात ह्या ठशांच्या नोंदणीचे नियम करायची तरतूद आहे आणि ६३ व्या कलमात खोटा ठसा मारणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे त्या काळी ठसा ही शेटची सहीच होती, सहीपेक्षा जास्त, कारण सही कागदावर असते, ठसा मालावर.

आता आकडे. १०८ म्हणजे घेर, इंचात. २४ म्हणजे लांबी, फुटात. ओंडका मोजताना मधोमध दोरी गुंडाळायची, घेराएवढी दोरी दोनदा दुमडायची म्हणजे चार पदर होतात, एका पदराची जी लांबी तिचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले १४४. ह्याला क्वार्टर गर्थ म्हणतात, इंग्रजांच्या होप्पस नावाच्या माणसाच्या नावानं होप्पसचं मापही म्हणतात. करून बघा. १०८ चा पाव २७. सत्तावीस गुणिले सत्तावीस ७२९. गुणिले २४, भागिले १४४. येतात १२१ पूर्णांक एक द्वितीयांश घनफूट.

आणि तुमच्या दोन उभ्या रेघा श्लोकाच्या नाहीत भाऊ. १२१॥ म्हणजे साडे एकशे एकवीस. जुन्या हिशोबात एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा. ज्यांना शाळेत पावकी निमकी पाऊणकी घोकायला लागली त्यांना विचारा, ते डोळे मिटून सांगतील.

गंमत म्हणजे खरं घनफळ ह्यापेक्षा जास्त असतं. गोल ओंडक्याचं शाळेतल्या सूत्रानं काढलं तर १५४-१५५ घनफूट भरतं. मधले तेहतीस घनफूट कुठं गेले? साल, कड, भुसा, करवतीत जाणारं सगळं आधीच वजा धरलेलं. विकणारा म्हणतो मी लुटलो, घेणारा म्हणतो मी लुटलो, आणि दोघं त्याच दोरीनं मोजतात.

आता एक गोष्ट मात्र मला खटकतेय. बाबांना वाचून दाखवलं तर तेही तेच म्हणाले. नऊ फूट घेराचा चोवीस फुटी एक ओंडका, हा मोठाच माल, पण शेटनं आयुष्यात असे शेकड्यांनी काढले असतील. मग शेटच्या स्मारकावर एकाच ओंडक्याचं माप का?

रान_राखा

माफ करा पण मला ह्या सगळ्याचं कौतुक वाटत नाही. ज्यानं रान कापून वाडा बांधला त्याचा दगड वाचवायला धडपड आणि शेजारच्या जांभळीवर नंबर पडलाय त्याचं कोणाला काही नाही? जांभळीचं स्मारक कोण करणार? भीमगडच्या बाजूला आज जे रान उरलंय ते ह्या शेट लोकांच्या हाताला लागलं नाही म्हणून उरलंय.

दांडेली_डेपो_रोड

रान_राखा, जांभळीचं तुमचं बरोबर आहे. शेटचं अर्धंच बरोबर आहे.

मी वाढलो टिंबर डेपोच्या भिंतीला लागून. आमच्या इथं ओंडके ओढायला हत्ती होते, शाळेला दांडी मारून बघायला जायचो. तर ह्या रानाचं लाकूड शेट जन्मायच्या आधीपासून जातंय. मुंबईच्या गोदीत वाडियांनी इंग्रजांच्या आरमाराला सागाची जहाजं बांधून दिली, त्यातलं १८१७ चं ट्रिंकोमाली आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. साग पश्चिम किनाऱ्याचा. मग साग संपत चालला म्हणून ओरड झाली आणि १८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सनला जंगलांचा पहिला कॉन्झर्व्हेटर नेमला. हा गडी मूळचा डॉक्टर! म्हणजे जंगल खातं जन्मलं ते रानाच्या प्रेमातून कमी आणि जहाजाच्या काळजीतून जास्त. कारवार जिल्हा आधी मद्रास इलाख्यात होता तो १८६२ ला मुंबईकडे आला, बंदर हवं होतं कापसासाठी आणि लाकूड तर होतंच. मग रेल्वे आली, लोंढा कॅसलरॉक घाट उतरून मुरगावपर्यंत, रुळाखाली प्रत्येक हात-दोन हातांवर एक लाकडी स्लीपर, मोजा किती ते. आळणावरहून दांडेलीला जी फाट्याची लाइन आली ती माणसांसाठी नव्हती, लाकडासाठी होती. माणसांची गाडी नंतर कितीतरी वर्षं बंदच होती, २०१९ ला परत सुरू केली तेव्हा आम्ही हार घालायला गेलो होतो.

शेट काय करायचा तर कूप घ्यायचा. जंगल खातं रानाचे तुकडे पाडायचं, त्याला कूप म्हणतात, दरवर्षी एका कुपाचा लिलाव, कोणती झाडं पाडायची त्यावर खात्याचाच ठसा पडलेला असायचा. शेट ती पाडून वाहून न्यायचा. चोरी व्हायची, होय, दहाच्या जागी बारा जायची. पण पाडायला काढणारा सरकार होतं.

आणि पुढं १९५९ पासून दांडेलीत कागद निघायला लागला, बांबूचा. बांबू सरकारनं गिरणीला दिला दीड रुपया टनानं. बाजारात बुरुडाला किती पडायचा विचारा. माधव गाडगीळ सत्तरच्या दशकात ह्याच रानात फिरले, गावकरी त्यांना म्हणाले बेटाच्या बुडाची काटेरी फांदी साफ करता म्हणून कोंब गुरं खातात. खात्याचं म्हणणं उलट, साफ केलं तर बेट वाढतं. मोजून बघितल्यावर गावकरी खरे निघाले. सुपा धरणात अख्खं सुपा गाव गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला हलवलं. एवढं सगळं एका शेटच्या दगडावर नका फोडू. तरी तो साधू होता असंबी मी म्हणत नाही.

रान_राखा

दीड रुपया टन हे मला ठाऊक नव्हतं. बरं. पण मग आत्ताचं बोला, वखारी बंद का झाल्या मग, रान संपलं म्हणूनच ना?

वखारीतला_पोर

रान संपलं म्हणून नाही, कोर्टानं. १९८० चा वनसंरक्षण कायदा आला तेव्हा बाबा म्हणायचे आता बघ हळूहळू आवळणार. खरा दणका १२ डिसेंबर १९९६ चा, गोदावर्मन केस, सुप्रीम कोर्ट. तिकडं निलंबूरच्या बाजूचा एक माणूस कोर्टात जातो काय आणि इकडं आमचा बँड सॉ गप्प होतो काय. मग २००२ ला परत आदेश की कोर्टानं नेमलेल्या केंद्रीय समितीला विचारल्याशिवाय नवीन सॉमिलला परवानगी नाही. आम्ही लायसनवर तग धरली काही वर्षं, मालच नाही म्हटल्यावर अकेशिया आणि निलगिरी कापली, शेतातला फणस, घर पाडलेल्या लोकांच्या जुन्या तुळया. जुन्या तुळईत खिळा लपलेला असतो, पात्याचे दात जातात आणि पैसे पात्यात जातात. शेवटी बंद.

मला राग नाही त्याचा. पण वखार नुसती शेटची नसते हो. आमच्याकडे गिरणी यायच्या आधी करवतीचा खड्डा होता, खड्ड्यावर ओंडका आडवा, एक माणूस वर उभा, एक खाली खड्ड्यात, मध्ये सहा हाती करवत. वरचा रेघ बघतो आणि खालचा भुसा खातो. गेरूत सुतळी बुडवून ताणून सोडली की ओंडक्यावर सरळ रेघ उमटते, त्याला सूत मारणं म्हणतात. सूत मारायचा तो मिस्त्री. ओंडक्यातून फळ्या किती निघणार आणि तुळई कुठली, गाठ कुठं आहे, पोकळ कुठं आहे हे तो बाहेरून टिचकी मारून सांगायचा. शेटचा फायदा-तोटा मिस्त्रीच्या सुतावर.

शहापूरची_सून

बाळभाऊ, रस्त्याचं मी सांगते, मी एका वकिलांच्या ऑफिसात आहे, असली कामं रोज बघते.

पहिलं, पुरातत्त्वकडे जाऊन फार काही निघणार नाही. केंद्राचा १९५८ चा कायदा आणि कर्नाटकाचा १९६१ चा, दोन्हीकडे साधारण शंभर वर्षांची अट धरतात. तुमचा दगड तेवढा जुना आहे हे कोण आणि कसं सिद्ध करणार? फूट-इंचावरून तर नाहीच, लाकूडवाले अजूनही घनफुटातच बोलतात.

दुसरं, दगड रस्त्याच्या हद्दीत आहे, त्याचा मालक कोणी नाही, म्हणून भरपाईबिरपाई नाही. आणि लक्षात ठेवा, रुंदीकरण झाल्यावर नव्या रस्त्याच्या कडेला परत बसवू हे डोक्यातून काढा. सुप्रीम कोर्टानं १८ जानेवारी २०१३ ला सांगितलंय की सार्वजनिक रस्त्यावर, फुटपाथवर पुतळा किंवा बांधकामाला सरकारांनी परवानगीच द्यायची नाही. म्हणजे नेऊन ठेवायला रस्त्याच्या हद्दीबाहेरची जागा हवी, ग्रामपंचायतीची नाहीतर कोणाच्या शेताचा कोपरा. ती जागा आधी. जागा नसेल तर इंजिनिअर साहेब कितीही चांगला असला तरी तो म्हणणार, ठेवू कुठं?

मग ग्रामपंचायतीत ठराव करून घ्या, ठरावाची प्रत लावून पीडब्ल्यूडीच्या तालुका ऑफिसात अर्ज द्या, एक प्रत तहसीलदारांना. पोच घ्या, शिक्का घ्या. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार टाका, दहा रुपये फी, आणि कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, लोक पानंच्या पानं लिहितात आणि परत येतात. जांभळीसाठी वेगळा अर्ज वन खात्याकडे, कर्नाटकात १९७६ चा झाडं राखायचा कायदा आहे, वृक्ष अधिकारी असतो. जांभूळ वाचेलच असं नाही, पण हरकत घेतली तर बदली झाडं किती आणि कुठं लावणार हे तरी कागदावर येतं.

अर्ज कन्नडात लिहा. मला माहीत आहे कोणीतरी आता भांडायला येणार. लवकर काम हवं की भांडण हवं ते ठरवा.

सीमाभागी_८६

दगड मराठीत आहे म्हणूनच नंबर टाकलाय. सगळं ठरवून चाललंय.

शहापूरची_सून

अहो दादा, त्याच रस्त्यावरच्या कन्नड मैलाच्या दगडावर पण नंबर टाकलाय, आणि मारुतीच्या देवळाच्या पायरीवर, आणि एका म्हशीच्या गोठ्यावर. मोजणीवाल्याला वाचायचे पैसे मिळत नाहीत, मोजायचे मिळतात. कृपा करून ह्याला त्या वादात ओढू नका, ओढलं की दगड पोलीस बंदोबस्तात जातो आणि मग तो कोणाचाच राहत नाही.

फाट्यावरचा_बाळ

सगळ्यांचे आभार. १२१॥ वाचून मी रात्री उठून कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. बायको म्हणाली झोपा. कन्नड अर्ज आमचा भाचा लिहील, तो शाळामास्तर आहे.

तेवढं एक विचारतो, चुना कसा काढायचा? गावातला एकजण म्हणतोय ॲसिड टाकू, फरशी साफ करतात तसं, पाच मिनिटात लख्ख.

दांडेली_डेपो_रोड

ॲसिड नको!! चुना जाईल आणि अक्षरांच्या कडाबी जातील. तारेचा ब्रशबी नको. साधं पाणी, भरपूर, दगड दोन तास ओला ठेवायचा गोणपाट घालून, मग बांबूची काडी आणि जुना टूथब्रश. निघेल तेवढं निघेल. आणि वाचायला दुपारी जाऊ नका. संध्याकाळी ऊन तिरकं असताना, नाहीतर रात्री टॉर्च दगडाच्या बाजूला अगदी चिकटून धरायचा, समोरून नाही. बाजूनं उजेड पडला की खोलगट अक्षरात सावली बसते आणि जे दिवसभर दिसत नाही ते उठून दिसतं. फोटो त्यावेळी काढा.

नंदगड_माहेर

मी इथं फार लिहीत नाही, वाचते. बाळदादा, तुम्ही 'शेट यां' च्या पुढं चुना आहे म्हणता. मी शाळेत मराठी शिकवते म्हणून असेल, पण माझं लक्ष तिथंच अडकलंय. 'यांचे स्मरणार्थ' असेल तर शेट गेलेला. पण जुन्या दगडांवर, घंटांवर, देवळाच्या पायऱ्यांवर 'यांजकडून' लिहायची पद्धत होती. 'अमुक शेट यांजकडून' असेल तर दगड शेटचा नाही, शेटनं दुसऱ्या कोणासाठी बसवलाय. दोन्हीत 'यां' पर्यंत सारखंच.

आणि आणखी एक. आमची आत्या त्याच बाजूला दिलेली. तुमच्या त्या उताराला ती 'सुटकीचा उतार' म्हणायची. आम्हाला वाटायचं घाट चढून सुटका झाली म्हणून. एकदा विचारलं तर म्हणाली, सुटका कसली गं, तिथं ओंडका सुटला होता. बैलगाडीवर मोठा ओंडका लादला की मागच्या चाकाला लाकूड बांधून उतार उतरवतात, ते तुटलं असेल. पुढं काय झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्ही लहान होतो. एवढंच म्हणाली, बैल वाचले.

वखारीतला_पोर

आई गं. ताई, बाबांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, तो ओंडका कापला नसेल. माणूस गेलेला ओंडका करवतीला घ्यायला कोणी तयार व्हायचं नाही. पडूनच कुजायचा नाहीतर जाळायचा. म्हणून माप लिहून ठेवलं असेल, त्या हिशोबाचा माल कुठल्याच वहीत आला नसणार.

फाट्यावरचा_बाळ

दोन दिवस गेलो नव्हतो, पाऊस होता, आणि पावसानंच अर्धं काम करून ठेवलं. काल भाचा आणि मी गोणपाट घेऊन गेलो. सात वाजता टॉर्च बाजूला धरला.

ताई, यांजकडून आहे. 'ज' अगदी स्पष्ट.

आणि त्याच्या वर, जिथं आम्हाला नुसता दगड वाटायचा, तिथं अजून एक ओळ आहे, चुन्याचा थर तिथं बोटभर जाड होता. पूर्ण नाव निघालं न्हाई. पहिली दोन अक्षरं गेल्यात, दगडाचा टवका उडालाय, मग 'प्पा' लागतंय आणि मग 'मिस्त्री' सरळ वाचता येतंय. त्याच्यापुढं 'यांचे'. म्हणजे अमुकप्पा मिस्त्री यांचे, आणि खाली शेट यांजकडून. शेटचं नाव अजून वाचता येत न्हाई आणि खरं सांगू काय, आता तेवढी घाईबी वाटत न्हाई.

आज्जा आयुष्यभर शेटचा दगड म्हणत गेला. आम्ही पण. ट्रकवाले कोणाच्या नावानं नारळ फोडत होते कोण जाणे.

रान_राखा

मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण त्या दगडाला लागू होत नाही एवढं कबूल करतो. 'प्पा' म्हणजे कन्नड घरचा माणूस असणार, मराठीत दगड. ८६ दादा वाचताय ना?

सीमाभागी_८६

वाचतोय. जागा मिळाली काय ते सांगा. माझा ट्रॅक्टर आहे, ट्रॉली पण आहे.

शहापूरची_सून

ट्रॅक्टर नंतर, ठराव आधी. आणि ठरावात 'शेटचा दगड' लिहू नका आता. 'रस्त्यालगतची जुनी स्मृतिशिला व पाण्याची डोण' असं लिहा, डोण विसरू नका, नाहीतर दगड हलवाल आणि डोण जेसीबीखाली जाईल. मला खात्री आहे डोण कोणीही मोजलेली नाही.

फाट्यावरचा_बाळ

खरं आहे, डोणीवर नंबर न्हाई.

जागेचं झालं जवळजवळ. रस्त्यापलीकडं थोरल्या चुलत्यांचं भाताचं शेत आहे, बांधाचा कोपरा द्यायला तयार आहेत, काकू म्हणाल्या द्या पण डोणीत पाणी घालायचं कोणी ते आधी ठरवा, मी घालणार न्हाई. मग चुलते म्हणाले मी घालतो. काकू हसल्या नुसत्या. शुक्रवारी पंचायतीत विषय घेतलाय.

दगड किती खोल आहे ते कसं बघायचं?

दांडेली_डेपो_रोड

वर कमरेएवढा असेल तर खाली हात-दीड हात तरी गाडलेला धरा. ओढायचा नाही, साखळी तर लावायचीच नाही, कडा जातील. चारी बाजूंनी खणायचं, पूर्ण मोकळा झाला की पोत्यात गुंडाळून बांबूच्या बल्ल्यांवर आडवा घ्यायचा, ओंडका घेतात तसाच. कुठलं तोंड कुठं होतं ते खणायच्या आधी खडूनं कट्ट्यावर लिहून ठेवा. ठशाची बाजू उताराकडं आहे काय?

फाट्यावरचा_बाळ

होय. ठसा आणि आकडे बरोबर उताराकडं, वर बघतात. हे मी आत्ता तुम्ही विचारल्यावर बघितलं.

वखारीतला_पोर

बाबा येतो म्हणतात. मी म्हटलं धूळ आहे, खोकला आहे, तर म्हणाले बल्ल्यांवर दगड कसा घ्यायचा ते तुम्हा पोरांना येतंय काय. ठराव झाला की दिवस कळवा. आमच्याकडं पहारी दोन आहेत आणि जाड काथ्याचा दोर आहे, पोती कोणीतरी आणा.